‘कुंकू’ पुन्हा बघूया, पण गट करून

(रेडिओवर दिलेल्या भाषणाचं लिखित रूप)

दुपारचं आवरून रेडिओजवळ बसलात, बरं वाटलं. ज्या शेतात असतील त्यांनी मोबाइल बांधावर ठेवला तरी चालेल. आज दिसण्याचं थोडं आणि ऐकण्याचंच जास्त काम आहे.

आज एका जुन्या सिनेमाबद्दल बोलायचंय. नाव ‘कुंकू’, साल १९३७. आपल्यातल्या बहुतेकींच्या आज्यांच्या, पणज्यांच्या वेळचा. तो काढला पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनं आणि दिग्दर्शन केलं व्ही. शांताराम यांनी. मराठीत ‘कुंकू’ आणि हिंदीत ‘दुनिया न माने’, असा तो दोन्ही भाषांत निघाला. पुस्तकांत तो पुण्या-मुंबईचा म्हणून सांगतात. मी म्हणते, तो सातारा-सांगलीचा आहे. कसा ते आधी सांगते.

सिनेमाची गोष्ट नारायण हरी आपटे यांची. हे आपटे १८८९ साली समडोळीला जन्मले, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात. पुढं आयुष्य काढलं ते आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात. तिथंच बसून त्यांनी ढीगभर कादंबऱ्या लिहिल्या. त्यातली एक ‘न पटणारी गोष्ट’. नावच बघा कसं आहे. याच कादंबरीवरून ‘कुंकू’ झाला. त्याच्याही आधी, १९२५ साली, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी आपट्यांच्याच कथेवर ‘सावकारी पाश’ हा मुका सिनेमा काढला होता. कर्जात जमीन गेलेला तरुण शेतकरी शहरात गिरणीवर मजुरीला जातो, अशी त्याची गोष्ट. त्या शेतकऱ्याचं काम कुणी केलं होतं माहीत आहे? व्ही. शांताराम यांनीच. तो सिनेमा आज बघायला मिळत नाही, नाहीतर बचत गटाच्या प्रत्येक बैठकीत आधी तोच लावला असता. व्याजाचा हिशोब आपल्याला कुणी शिकवायला नको, पण पडद्यावर बघितला की तो वेगळाच बोचतो.

आणखी मागं जाऊ. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. हळदीच्या पेवांचं गाव म्हणून ते आपल्याला माहीत, आणि हळदीपासूनच कुंकू होतं, हेही माहीत. त्या हरिपुरात १८५५ साली गोविंद बल्लाळ देवल जन्मले. त्यांनी लिहिलेलं ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आलं. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ आणि कोवळी शारदा, पैशाला हपापलेला तिचा बाप कांचनभट. हे नाटक इतकं गाजलं, की म्हाताऱ्यानं पोरीशी लग्न करायचं म्हटलं की लोक ‘शारदा’चंच नाव काढत. पुढं १९२९ साली हरबिलास सारडा यांच्या खटपटीनं बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, तो ‘सारडा कायदा’. आपल्याकडच्या लोकांनी सारडा आणि शारदा ही दोन्ही नावं एकमेकांत मिसळून टाकली. त्या कायद्यानं मुलीचं वय १४ आणि मुलाचं १८ ठरवलं. वराचं वय जास्तीत जास्त किती असावं, यावर कायदा गप्प होता. पंधराची पोर साठीच्या माणसाला दिली तर कायद्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

आता नीट ऐका, कारण इथं गंमत आहे. ‘शारदा’ नाटकात ते लग्न शेवटच्या घटकेला मोडतं. वधूवरांचं गोत्र एकच निघतं, लग्न फिसकटतं आणि शारदेला जोगा नवरा मिळतो. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकून घरी जातात. आपटे आणि शांताराम यांनी विचारलं, की समजा लग्न मोडलंच नाही तर? अक्षता पडल्या, पोर घरात आली, दार लागलं. मग पुढं? ‘कुंकू’ तिथून सुरू होतो. पोरकी नीरा मामा-मामीकडं वाढलेली. मामा पैसे घेतो आणि तिला फसवून काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधतो. हा माणूस बिजवर. त्याचा मुलगा नीराच्या बरोबरीचा, आणि लेक तर विधवा होऊन समाजकार्याला लागलेली. नीरा त्या घरात राहते, पण काकासाहेबांना नवरा मानायला ती साफ नकार देते. लग्न झालंय, मी ते मानत नाही, एवढंच. १९३७ साली हे पडद्यावर बघताना बायकांना काय वाटलं असेल? कुणी लिहून ठेवलंय असं मला सापडलेलं नाही. बायकांच्या मनातलं लिहून ठेवायची तेव्हा पद्धतच नव्हती.

हा सिनेमा आम्ही आमच्या गावात गट करून बघितला. ते कसं, हे सांगण्यासाठीच आज बसलेय. मी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. बचत गटाच्या बायकांना घेऊन महिन्यातून दोन शनिवारी शाळेच्या एका खोलीत जमतो. खोलीत टीव्ही आहे, पंखा आहे, आणि बाकं पोरांच्या मापाची आहेत, त्यामुळं गुडघे दुखणाऱ्या खाली सतरंजीवर बसतात.

पहिल्या शनिवारी मी अख्खा सिनेमा लावला. चूक अशी नाही म्हणणार मी, पण व्हायचं तेच झालं. अडीच तासांहून मोठा आहे तो. निम्म्या जणी रडल्या, दोघी झोपल्या, एकीनं वाती वळून घेतल्या. संपल्यावर विचारलं, काय वाटलं? सगळ्या एका सुरात, “लई वाईट झालं पोरीचं.” आणि घरी गेल्या. सिनेमा बघणं म्हणजे एवढंच असतं, असं आपल्याला जत्रेतल्या तंबूनं शिकवलंय. पुसेगावला, पालीला तंबूत बसून किती सिनेमे बघितले असतील आपण. रडलो, हसलो, रेवड्या घेऊन घरी आलो. बोललो कधी?

म्हणून पुढच्या वेळेपासून मी तुकडे पाडले. पाच-सात मिनिटांचा एक प्रसंग, तोच तीनदा. पहिल्यांदा नेहमीसारखा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा टीव्हीवर साडी टाकून, फक्त आवाज. बायकांचे चार गट केले. एका गटानं माणसांचे हात आणि डोळेच बघायचे, बोलणं सोडून द्यायचं. दुसऱ्यानं फक्त कान द्यायचे. तिसऱ्यानं कोण उभं आहे, कोण बसलंय, उंबऱ्याच्या आत कोण, बाहेर कोण, एवढंच धरायचं. चौथ्यानं घरातल्या वस्तूंकडं लक्ष ठेवायचं. मग दहा मिनिटं गटात बोलायचं, आणि प्रत्येक गटातून जी बाई कधी बोलत नाही तिनं उठून सांगायचं. हा शेवटचा नियम मोडायला सगळ्यांनी खटपट केली. मी मोडू दिला नाही.

वस्तूंचा गट पहिल्याच दिवशी पुढं निघाला. काकासाहेबांच्या घरात भिंतीवर लंबकाचं जुनं घड्याळ आहे. सिनेमाभर ते पुन्हापुन्हा दिसतं. एक बाई म्हणाली, “सर्वात जुनं माणूस त्या घरात घड्याळच हाय, म्हाताऱ्यागत टक्‌टक्‌ करत बसलंय.” सिनेमाच्या अभ्यासकांनी या घड्याळावर पानंच्या पानं लिहिली आहेत, की ते म्हणजे काकासाहेबांचं सरत चाललेलं वय. आमच्या बाईनं एका वाक्यात उरकलं.

आरशाचा प्रसंग तर आम्ही दोन शनिवार घेतला. काकासाहेब आरशासमोर उभं राहून तरुण दिसायची खटपट करतात, हे आपल्याला हसू आणतं. पण पुढं तो आरसा फुटतो आणि त्याच्या प्रत्येक तुकड्यात त्यांचाच चेहरा दिसतो, त्यांनाच हसणारा. आवाज बंद करून हा तुकडा लावला तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. हात-डोळे बघणाऱ्या गटातली बाई म्हणाली, मला त्याची दया आली. दुसरी तिच्यावर उखडली, दया कसली, पोरीचं वाटोळं केलंय त्यानं. दहा मिनिटांचं बोलणं पाऊण तास चाललं. शांताराम यांनी खलनायक उभा केला असता तर हे भांडण झालंच नसतं. केशवराव दाते यांनी काकासाहेब असे केलेत, की तो माणूस वाईट नाही, पण त्यानं केलंय ते वाईट आहे, हे आपल्याला एकाच वेळी दिसतं. आपल्या घरातली माणसंही अशीच असतात ना? म्हणून तर बोलायला जड जातं.

कानाच्या गटानं एक गोष्ट पकडली. ती मी त्यांना आधी मुद्दाम सांगितलेली नव्हती. साडी टाकलेली असताना एक जण म्हणाली, “बाई, ह्यात मागनं पेटी-तबला काहीच वाजत नाही.” बरोबर आहे. या सिनेमात पार्श्वसंगीत नाहीच. दुःखाचा प्रसंग आला की मागून सारंगी रडते, तसं इथं होत नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे येतात. नीरा गाते तीसुद्धा ग्रामोफोन लावून, त्याच्या साथीवर. संगीत केशवराव भोळे यांचं आणि गाणी शांताराम आठवले यांची, दोन्ही उत्तम. पण मागून सतत वाजत राहून आपल्याला ‘आता रडा’ असं सांगणारं कुणी नाही. १९३७ साली, आठ-आठ दहा-दहा गाण्यांच्या जमान्यात, हे करायला छाती लागते. आता घरी गेल्यावर एखादी मालिका डोळे मिटून ऐका. कुणाकडून कधी काय वाटून घ्यायचं, हे ते संगीत कसं ठरवतं ते कळेल.

थोडं या बायकांबद्दलही सांगते, कारण त्यांच्याबद्दल कमी बोललं जातं. नीराचं काम केलं शांता आपटे यांनी. त्यांनी या सिनेमात एक इंग्रजी कवितासुद्धा गायलीय, अमेरिकन कवी लाँगफेलो यांची. पडद्यावर हट्टी आणि पडद्याबाहेरही तशाच. १९३९ साली कराराच्या भांडणावरून त्या प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या. पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तक लिहून त्यांनी या धंद्यातलं बायांचं जिणं मांडलं. काकासाहेबांच्या विधवा लेकीचं काम शकुंतला परांजपे यांचं. त्या रँग्लर परांजपे यांच्या कन्या. र. धों. कर्वे यांच्याबरोबरीनं संततिनियमनाचं काम त्यांनी केलं, लोक तोंडावर दार लावत होते तेव्हा. पुढं त्या राज्यसभेवरही गेल्या. म्हणजे पडद्यावर जी लेक बापाच्या विरोधात सावत्र आईच्या बाजूला उभी राहते, ती बाहेरही तसलीच होती.

या सगळ्यात आमच्या वर्गातला खरा पेच मात्र मामाच्या प्रसंगावरून निघाला. तिसऱ्या गटाला, म्हणजे जागा बघणाऱ्या गटाला, मी लग्न ठरवण्याचा भाग दिला होता. बोलणी चालतात तेव्हा पोर कुठं असते, एवढंच त्यांनी सांगायचं होतं. त्या गटात एक बाई आहे, आमच्याच गावची, नाव नाही घेत. ती उठली आणि म्हणाली, मामा वाईट नाही. दुसऱ्याची पोर किती दिस सांभाळायची? खोली एकदम गप्प. तिच्या घरी तिच्या मयत नणंदेची पोर आहे, दहावीत शिकणारी, आणि तिला स्थळ आलेलं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगा तिशीचा, घरचा ऊस, हुंडा नको. पोरीचं वय सोळा. आज मुलीचं वय अठरा पूर्ण लागतं, २००६ चा कायदा आहे, ग्रामसेवकाची जबाबदारी आहे, हे आम्ही दहा वेळा घोकलेलं. पण तिच्या तोंडावर कोण म्हणणार? शेजारधर्म असतो, उद्या तिच्याकडंच पीठ मागायला जायचं असतं.

नीराबद्दल बोलता येत होतं. म्हणून सगळ्या नीराबद्दल बोलल्या. मामाला किती पैसे सुटले, मामीला ठाऊक होतं का, नीराला कुणी एकदा तरी विचारलं का. एक म्हातारी म्हणाली, मामाकडं दुसरी वाट काय होती ते तरी सांगा, नुसतं त्याला झोडू नका. मग त्यावर चर्चा. वसतिगृह, शिष्यवृत्ती, बालसंगोपनाची योजना, ज्याला जे माहीत ते त्यानं सांगितलं. ती बाई खाली मान घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, तो तुकडा परत लावा. लावला. पुढच्या आठवड्यात ती मला रस्त्यात भेटली आणि बालसंगोपनाच्या अर्जाला काय-काय कागद लागतात ते विचारून गेली. स्थळाचं काय झालं ते मी विचारलं नाही. पोर शाळेच्या गाडीत दिसते, एवढं मात्र बघते.

सिनेमाचा असा वर्ग ही काही माझी अक्कल नव्हे. ज्या स्टुडिओत ‘कुंकू’ झाला, त्याच प्रभातच्या जागेवर १९६० साली पुण्याची सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथं सतीश बहादूर नावाचे प्राध्यापक होते. ‘पथेर पांचाली’सारखा सिनेमा तुकडा-तुकडा थांबवून ते शिकवत. आणि हे शहाण्यासुरत्यांपुरतंच राहिलं असंही नाही. कर्नाटकात मलनाडात हेग्गोडू नावाचं सुपारीच्या बागांतलं खेडं आहे. तिथं के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ या संस्थेनं १९७३ साली चित्रपट मंडळ काढलं आणि जगातले सिनेमे खेड्यातल्या माणसांना दाखवले, त्यावर बोलायला लावलं. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शेतकरी परदेशी सिनेमावर काय बोलणार, असं म्हणणारे तेव्हाही होते. आमच्या घड्याळवाल्या बाईला त्यांनी भेटावं.

आता शेवटाकडं. काकासाहेबांना उपरती होते. नीराला मोकळं करावं असं त्यांना वाटतं, पण करणार कसं? विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झालेला. पण नवरा जिवंत असताना हिंदू बाईला मोकळं करणारा घटस्फोटाचा कायदा मुंबई प्रांतात आला १९४७ साली, आणि देशभर १९५५ साली. सिनेमा आहे १९३७ चा. म्हणजे कायद्यानं बघितलं तर नीरा सुटायला काकासाहेबांनी मरणं, एवढा एकच रस्ता उरतो. आणि ते मरतात, स्वतःहून. जाताना पत्र लिहून ठेवतात, की तू माझ्या लेकीसारखी, जोगा माणूस बघून लग्न कर.

इथं वर्गातल्या एका आजींनी मला गप्प केलं. म्हणाल्या, “ही सगळी मोठ्या लोकांची रड. आमच्यात काडीमोड होती, म्होतूर लावत होती. पंचांपुढं बसलं की झालं.” खरंच आहे ते. आपल्याकडच्या कितीतरी जातींत पाट, म्होतूर, काडीमोड चालत आलेलं होतं. नीराची कोंडी एका विशिष्ट वर्गातली होती. ही गोष्ट सिनेमात कुठंच येत नाही, आणि सिनेमाच्या पुस्तकांतही क्वचित येते. पण त्याच आजींना मी विचारलं, म्होतूर लागलेल्या बाईला हळदी-कुंकवाला बोलवत होते का? त्या बोलल्या नाहीत. मग दुसरीच म्हणाली, नाय बोलवत.

तिथून गाडी आपोआप हेरवाडवर आली. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड, आपल्या सांगलीच्या शेजारचंच. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. कागदावर किती गावांनी केलं आणि अंगणात किती झालं, हे आपलं आपण जाणतो. ‘कुंकू’ निघाल्याला तेव्हा ८५ वर्षं झाली होती.

शेवटच्या पत्रावर आम्ही चारही गटांना एकच काम दिलं. नीरानं या पत्राला काय उत्तर लिहिलं असतं, ते लिहा. सिनेमात तिला उत्तर द्यायला वावच ठेवलेला नाही, आणि माझ्या मते तो त्या सिनेमाचा कच्चा भाग आहे. दोन तास जी पोर कुणाचं ऐकत नाही, तिच्या पुढच्या आयुष्याची परवानगी शेवटी म्हाताऱ्याच्याच हातून येते. एका गटानं लिहिलं, तुमचं पत्र मिळालं, पण लग्न करायचं की नाही ते मी ठरवीन. दुसऱ्यानं लिहिलं, आधी घर कुणाच्या नावावर केलंय ते सांगा. यावर सगळ्या पोट धरून हसल्या, आणि मग कुणाच्या घराच्या उताऱ्यावर कुणाचं नाव आहे यावर अर्धा तास बोलणं झालं. तिसऱ्या गटानं लिहिलं, तुम्ही मरायला नको होतं. चौथ्या गटाचा कागद कोरा होता. त्या म्हणाल्या, तिला अजून सुचलेलं नाही.

तुमच्या गटात करणार असाल तर प्रसंग छोटा घ्या आणि साडी सुती टाका, गडद रंगाची, पातळ साडीतून चित्र दिसतं. चारही पत्रं मी जपून ठेवलीत, कोऱ्या कागदासकट. तुमच्या गटानं लिहिलं तर तेही रेडिओकडं पाठवा, आपण इथं वाचून दाखवू. पुढच्या खेपेला सिनेमा नाही, देवलांच्या ‘शारदे’बद्दल बोलू, आणि तेव्हा बाजेची पेटी असणाऱ्या एका आजींना मी सोबत घेऊन येणार आहे.